शेतीपंपाची वीज : दर, वापर आणि निर्मिती

बी, खत आणि मजुरी यांचा हिशेब आपण काटेकोर ठेवता. विजेचा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. बिल येते, ते भिंतीवरच्या खिळ्याला अडकते आणि थकबाकीची नोटीस आली म्हणजेच पुन्हा खाली उतरते. एप्रिल २०२४ पासून राज्यातील ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल शासन भरत असल्याने अनेकांनी हा हिशेब सोडूनच दिला आहे. तो सोडू नये. पैसे लागत नसले तरी वीज मोजकेच तास मिळते. तेवढ्या तासांत किती पाणी शेतात पोचते, यावर आपले पीक अवलंबून आहे.

अंबरनाथ पश्चिम, बदलापूर आणि उल्हास खोऱ्यातील गावांत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. येथे खरिपाचे भात पावसावर होते. पंपाची खरी गरज कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे वाल, चवळी, भेंडी, काकडी, कारली, पालेभाज्या आणि फुलझाडे यांच्यासाठी लागते. शहराची बाजारपेठ दाराशी आहे. पण कारखाने आणि गृहसंकुले हीही त्याच विजेची ग्राहक आहेत. म्हणून वीज कोठून येते, तिचा दर कसा ठरतो आणि आपल्या बांधावर ती कशी वापरावी, हे क्रमाने पाहू.

वीज कोठून येते?

आपल्या खोऱ्याचा आणि विजेचा संबंध जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिरा येथील १९२७ मध्ये सुरू झाले. आज ही केंद्रे मिळून ४४७ मेगावॅट क्षमतेची आहेत. यांपैकी भिवपुरीचे पाणी मावळातील ठोकरवाडी धरणातून घाटाखाली येते, जनित्रे फिरवते आणि मग उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरते. पाऊस संपल्यावरही उल्हास वाहती राहते, त्याचे एक मोठे कारण हे पाणी आहे. नदीकाठचा बागायतदार भर उन्हाळ्यात जे पाणी उचलतो, त्यातील बऱ्याच पाण्याने आधी वीज तयार केलेली असते.

तथापि आपल्या खांबावरची वीज एका केंद्रातून येत नाही. सर्व केंद्रांची वीज पारेषण वाहिन्यांच्या जाळ्यात एकत्र होते आणि उपकेंद्रातून आपल्यापर्यंत येते. राज्याची मागणी उन्हाळ्यात २५ हजार मेगावॅटच्या वर जाते. तिचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी यांसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून भागतो. कोयना प्रकल्प मागणी एकदम वाढते त्या वेळी उपयोगी पडतो आणि दिवसा सौर विजेचा वाटा वर्षागणिक वाढत आहे. कोळसा खाणीतून काढावा लागतो, तो रेल्वेने वाहून आणावा लागतो. म्हणून वीज फुकट मिळाली तरी ती फुकट तयार होत नाही.

दर कसे ठरतात?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. खेडोपाडी वीज नेण्याचे काम मंडळाने केले. पुढे शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. पंप जितक्या अश्वशक्तीचा तितके बिल; मग तो दोन तास चालो की दहा तास. आकारणी सोपी झाली, पण पंप किती वीज खातो हे पाहण्याची सवय त्यामुळे मोडली.

राज्याचा वीज नियामक आयोग १९९९ मध्ये अस्तित्वात आला. तेव्हापासून दर मंडळ किंवा शासन ठरवीत नाही, आयोग ठरवितो. वीज कंपनी खर्चाचा प्रस्ताव मांडते, त्यावर जाहीर सुनावणी होते आणि नंतर आदेश निघतो. या सुनावणीत शेतकऱ्यालाही म्हणणे मांडता येते. विद्युत कायदा २००३ आल्यावर जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले. निर्मितीसाठी महानिर्मिती, मोठ्या वाहिन्यांसाठी महापारेषण आणि ग्राहकांपर्यंत पुरवठ्यासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. आपले बिल महावितरणचे असते.

शेतीपंपाचा दर विजेच्या सरासरी खर्चापेक्षा कमी ठेवलेला असतो. ही तूट दोन मार्गांनी भरून निघते. काही भाग शासन अनुदान म्हणून देते, तर काही भाग उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून येतो. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना आपल्या पंपाच्या विजेचा थोडा भार उचलतो. हा आधार किती काळ आणि किती प्रमाणात राहील, हे शेतकऱ्याच्या हातात नाही.

मोफत वीज : काय मिळते, काय मिळत नाही

शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना सुरू केली. राज्यातील सुमारे ४४ लाख शेतीपंपधारक तिच्यात बसतात. योजना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षांची असून तीन वर्षांनी आढावा घेण्याची तरतूद तिच्यात आहे. यासंबंधी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

१. ही सवलत ७.५ अश्वशक्तीपर्यंत मंजूर भार असलेल्या शेतीपंपांना आहे. पंप १० अश्वशक्तीचा असेल तर पहिल्या ७.५ अश्वशक्तीची सूट मिळत नाही. पूर्ण बिल भरावे लागते.

२. सवलत एप्रिल २०२४ पासूनच्या वापराची आहे. त्यापूर्वीची थकबाकी हा वेगळा विषय आहे. तो आकडा बिलावर तपासावा.

३. मंजूर भार बिलावर छापलेला असतो. बसविलेला पंप आणि मंजूर भार यांत फरक असल्यास तो नियमित करून घ्यावा.

४. वीजजोडणी अनेकदा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर राहते. सातबारावर वारस नोंद झाली की जोडणीही आपल्या नावावर करून घ्यावी. जमीन वाटून गेलेल्या किंवा काही भाग विकलेल्या कुटुंबांनी यात दिरंगाई करू नये.

राज्यात २००४ मध्येही शेतीपंपांना मोफत विजेचा निर्णय झाला होता. तो २००५ मध्ये मागे घेण्यात आला. हा अनुभव ध्यानी ठेवून सवलत आहे त्या काळातच आपला पंप, पाईप आणि मोटर सुधारून घेणे शहाणपणाचे ठरेल. सवलत पुढे राहिली तरी नुकसान नाही. गेली तर बिल निम्म्यावर रोखता येईल.

आपली जोडणी कोणत्या वर्गात मोडते?

शहरालगतच्या शेतकऱ्यांचे खरे नुकसान बहुधा येथे होते. आयोगाने शेतीपंपांखेरीज ‘कृषी - इतर’ असा एक वर्ग ठेवला आहे. रोपवाटिका, फुलशेती, हरितगृह, ऊतिसंवर्धन, अळिंबी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती, रेशीम उद्योग आणि शेतमालाचे शीतगृह यांसारखे व्यवसाय त्यात येतात. या वर्गाचा दर पंपापेक्षा अधिक, पण व्यापारी दरापेक्षा बराच कमी असतो. आपली रोपवाटिका किंवा कोंबड्यांची शेड व्यापारी दराने आकारली जात असेल, तर वर्ग बदलण्यासाठी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. भात गिरणी व पिठाची गिरणी मात्र औद्योगिक वर्गात मोडतात.

याची दुसरी बाजूही पाहावी. शेतीपंपाच्या जोडणीवर टँकर भरून पाणी विकणे, बांधकामाला पाणी देणे, गाड्या धुण्याचे केंद्र चालविणे किंवा फार्म हाऊसचे दिवे लावणे हा मंजूर कारणाबाहेरचा वापर होतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते आणि कालावधी ठरविता न आल्यास मागील १२ महिन्यांची धरली जाते. आकडा टाकणे किंवा मीटरमध्ये फेरफार करणे ही कलम १३५ नुसार चोरी असून तिला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आपल्या भागात अशा वापराचा मोह मोठा आहे, म्हणून हा इशारा.

बिलाबाबत तक्रार असल्यास प्रथम उपविभागात लेखी द्यावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते. पुरवठा खंडित झाल्यास १९१२ या क्रमांकावर नोंद करून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

किती अश्वशक्तीचा पंप घ्यावा?

शेजाऱ्याने ५ चा बसविला म्हणून आपणही ५ चा बसवितो. हा विचार सोडावा. एक अश्वशक्ती म्हणजे एका सेकंदात ७५ लिटर पाणी एक मीटर उंच उचलण्याची ताकद. पंपात आणि मोटरीत त्यातील काही भाग वाया जातो. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के व मोटरीची ८० टक्के धरून एक उदाहरण पाहू.

नदीकाठी किंवा विहिरीवर शोषण, उपसा आणि पाईपमधील घर्षण धरून एकूण उचल १२ मीटर आहे. एक एकर भाजीला ५ सेंटिमीटर खोलीचे पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. पंपाने सेकंदाला ८ लिटर पाणी फेकले तर हे काम ७ तासांत होते, म्हणजे विजेच्या एका पाळीत बसते. आता ताकद काढू. ८ गुणिले १२ भागिले ७५ म्हणजे १.२८ अश्वशक्ती. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास २.१३ अश्वशक्ती लागेल. म्हणजे ३ अश्वशक्तीचा पंप पुरेसा आहे. तो या कामाला ताशी सुमारे २ युनिट घेईल आणि एकराची एक पाळी १४ युनिटांत होईल.

ठिबक किंवा तुषार संच असेल तर त्याला लागणारा दाबही उचलीत मिळवावा. पूर्ण भारावर चालणाऱ्या मोटरीचा वापर साधारण पुढीलप्रमाणे असतो.

३ अश्वशक्ती – ताशी २.८ युनिट
५ अश्वशक्ती – ताशी ४.७ युनिट
७.५ अश्वशक्ती – ताशी ७ युनिट
१० अश्वशक्ती – ताशी ९.३ युनिट

ज्यांचा पंप १० अश्वशक्तीचा आहे त्यांनी हे गणित अवश्य करावे. ७.५ अश्वशक्तीत काम भागत असेल तर पंप प्रत्यक्ष बदलून भार कमी करून घ्यावा. केवळ कागदावर भार कमी दाखविणे धोक्याचे आहे.

आपल्या पंपाची परीक्षा घरीच घ्या

यासाठी २०० लिटरचे पिंप, घड्याळ आणि चालू मीटर एवढेच लागते.

१. पिंप भरण्यास किती सेकंद लागले ते पाहावे. २५ सेकंद लागले तर प्रवाह सेकंदाला ८ लिटर आहे.

२. पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या तोंडापर्यंतची उभी उंची मीटरमध्ये मोजावी आणि लांब पाईप असल्यास घर्षणासाठी २-३ मीटर मिळवावेत.

३. मीटरचे आकडे एक तासाच्या अंतराने टिपावेत. या तासात त्या मीटरवर दुसरे काही चालू नसावे.

४. लिटर गुणिले मीटर भागिले १०२ केले म्हणजे उपयोगी आलेली ताकद किलोवॅटमध्ये मिळते. तिला ताशी युनिटांनी भागावे.

वरील उदाहरणात ८ गुणिले १२ भागिले १०२ म्हणजे ०.९४. मीटर ताशी २ युनिट दाखवीत असेल तर कार्यक्षमता ४७ टक्के आहे. पंप चांगला आहे. मीटर ३.५ युनिट दाखवीत असेल तर ती २७ टक्क्यांवर येते. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश वीज वाया जाते. असा पंप दुरुस्त करावा किंवा बदलावा.

दोष बहुधा पुढील ठिकाणी सापडतो.

• फूटव्हॉल्व्ह : अरुंद जाळीचा व जड झडपेचा फूटव्हॉल्व्ह पाणी अडवितो. भारतीय मानक चिन्हाचा, मोठ्या जाळीचा वापरावा.

• पाईप : अडीच इंची पाईपऐवजी तीन इंची पाईप टाकल्यास तेवढ्याच प्रवाहाला घर्षण सुमारे ४० टक्क्यांवर येते. जुने गंजलेले लोखंडी पाईप काढून कडक पीव्हीसी पाईप टाकावेत. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरावेत.

• शोषण उंची : पंप पाण्यापासून ६ मीटरपेक्षा उंच नसावा. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की पंपही खालच्या कट्ट्यावर न्यावा.

• तोंडाची उंची : पाट खाली असताना पाईपचे तोंड उगाच उंच धरू नये. ते जितके मीटर खाली येईल तितकी वीज वाचते.

एका डीपीवरचे सर्वांचे नुकसान

मोटर आपली असली तरी रोहित्र, म्हणजे आपली डीपी, सर्वांची असते. बिनकपॅसिटरची मोटर उपयोगी विजेबरोबर निरुपयोगी प्रवाहही ओढते आणि त्याने तारा व रोहित्र तापते. हे एका हिशेबाने पाहू. ६३ केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर सर्व मोटरी ५ अश्वशक्तीच्या आहेत. शक्तिगुणक ०.७० असेल तर ते ९ पंपच पेलते. सर्वांनी योग्य कपॅसिटर लावून शक्तिगुणक ०.९५ वर नेला तर तेच रोहित्र १२ पंप पेलते. ३ अश्वशक्तीला १, ५ ला २ आणि ७.५ ला ३ केव्हीएआरचा कपॅसिटर साधारणपणे लावतात. तो स्टार्टरनंतर मोटरच्या बाजूस जोडावा, म्हणजे मोटर बंद होताच तोही बंद होईल.

ऑटोस्विच मात्र काढून टाकावा. वीज आली की सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या ५ ते ६ पट प्रवाह घेते. एवढा झटका बसून फ्यूज उडतात, दाब खाली जातो आणि शेवटी डीपी जळते. ऐन फेब्रुवारीत डीपी जळून चार दिवस पाणी मिळाले नाही, तर काकडी आणि पालेभाजी हातची जाते. गावातील पंपधारकांनी बसून पंप सुरू करण्याचा क्रम ठरवून घ्यावा. तीन फेजपैकी एक गेलेली असताना कपॅसिटरच्या युक्तीने मोटर चालवू नये. एक फेज गेल्यास मोटर बंद करणारे संरक्षक साधन बसवावे; त्याची किंमत मोटर नव्याने भरून घेण्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

पावसाळा संपल्यावर पंप सुरू करण्यापूर्वी अर्थिंग आणि केबलचे जोड तपासावेत. ओल्या हाताने किंवा अनवाणी स्टार्टरला हात लावू नये. रोहित्राचा फ्यूज वायरमननेच घालावा.

सूर्याची वीज आपल्या कामी येईल काय?

कोकणात पाऊस फार, मग सौर पंप कसा चालणार, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या पिकांच्या वेळापत्रकातच आहे. आषाढ-श्रावणात ढग असतात तेव्हा पंपाची गरज नसते आणि माघ-फाल्गुनात गरज असते तेव्हा ऊन कडक असते. शिवाय रात्री पाणी द्यायला जाण्याचा त्रास आणि साप-विंचवाची भीती टळते.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. २.५ एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, ५ एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती आणि त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्तीपर्यंतचा पंप मिळतो. पाण्याचा शाश्वत स्रोत असावा लागतो. ज्यांच्याकडे पारंपरिक वीजजोडणी नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे. पॅनेलवर झाडाची किंवा इमारतीची सावली पडता कामा नये. आपल्या भागात उंच इमारती वाढत असल्याने जागा निवडताना पुढील काही वर्षांचाही विचार करावा. पॅनेलवरची धूळ आठवड्यातून एकदा सकाळी साध्या पाण्याने धुवावी.

ज्यांची जोडणी आहे त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. त्यासाठी पडीक जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर शासनाने ठरविला आहे. भाताची चांगली खाचरे मात्र यासाठी देऊ नयेत.

घराच्या छपरासाठी पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ पासून आहे. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट व अधिकास ७८ हजार रुपये अनुदान मिळते. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ती कमी व उन्हाळ्यात जास्त असते. घरगुती दर टप्प्यांनी वाढत जातो. ज्यांचे बिल वरच्या टप्प्यांत जाते त्यांनाच याचा अधिक लाभ होतो.

रब्बीपूर्वी एवढे करा

भात कापणी आटोपली की पंप सुरू करण्यापूर्वी एक दिवस या कामासाठी काढावा. बिलावरील नाव, वर्ग, मंजूर भार आणि थकबाकी तपासावी. पिंप व घड्याळ घेऊन पंपाची परीक्षा करावी. फूटव्हॉल्व्ह, पाईप आणि अर्थिंग दुरुस्त करावे, कपॅसिटर लावावा व ऑटोस्विच काढावा. एका वहीत दर महिन्याचे मीटरचे आकडे आणि पंप चाललेले तास लिहावेत. मार्च २०२९ नंतर दर काहीही ठरो, ज्याच्या वहीत एकरी किती युनिट लागतात हे लिहिलेले असेल, तो शेतकरी आपल्या भाजीचा उत्पादन खर्च ठामपणे सांगू शकेल आणि आयोगाच्या सुनावणीतही आकड्यांनिशी बोलू शकेल.